कडक आणि कडू

कोरा चहा कडू झाला की बोल पत्तीला लागतो. पुडा बदलला जातो, साखर एक चमचा वाढते, लिंबू पिळलं जातं आणि तरीही घोट उतरताना जीभ खरखरतेच. मग ‘आपल्याला कोरा चहा मानवत नाही’ असं म्हणून लोक तो सोडून देतात. याचं फार वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा त्या पत्तीत काहीच खोट नसते. ती पाण्यात दोन-तीन मिनिटं जास्त राहिलेली असते, एवढंच.

घोळ होतो तो ‘कडक’ या शब्दापाशी. चहा कडक हवा, म्हणून तो जास्त उकळला जातो किंवा जास्त वेळ झाकून ठेवला जातो. हाती येतो तो कडक चहा नसतो, कडू चहा असतो. कडकपणा पत्तीच्या मापातून येतो आणि कडूपणा वेळातून. फिका लागला तर पत्ती वाढवायची, मिनिटं तशीच ठेवायची. कडू लागला तर मिनिटं कमी करायची, पत्तीला हात लावायचा नाही. हे दोन कान वेगवेगळे पिळायचे आहेत हे एकदा उमगलं की साधं पातेलं, झाकण, गाळणी आणि घड्याळ एवढ्यावर उत्तम चहा होतो.

मुळात तक्रार कडूपणाचीच आहे का, हे आधी तपासावं. कोऱ्या चहाला नावं ठेवताना आपण दोन निराळ्या गोष्टी एकाच शब्दात उरकतो. कडू ही चव आहे. ती जिभेवर कळते आणि गिळल्यावर घशाशी रेंगाळते. तुरट ही खरं तर चव नव्हे, स्पर्श आहे. लाळेत काही प्रथिनं असतात, त्यांच्यामुळे तोंड आतून बुळबुळीत राहतं. चहातली पॉलिफेनॉल ही तुरट द्रव्यं या प्रथिनांना धरून बसतात, वंगण निघून जातं आणि जीभ टाळूला घासू लागते, गाल आतून आवळल्यासारखे होतात. कच्चं केळं चावल्यावर होतं तेच. घोट गिळल्यावर जिभेचं टोक टाळूवरून पुढे-मागे फिरवून पाहा. अडखळत सरकलं तर तक्रार तुरटपणाची आहे. जीभ मोकळी फिरते आहे पण घशाशी कडवट रेघ उरली आहे, तर ती कडूपणाची. मराठीत या दोन्हींना स्वतंत्र, रोजच्या वापरातले शब्द आहेत ही मोठी सोय आहे. (संस्कृतात ‘कटु’ म्हणजे तिखट आणि ‘तिक्त’ म्हणजे कडू, मराठीत येता येता ‘कटु’चा ‘कडू’ झाला आणि अर्थही बदलला. ‘कषाय’ मात्र तुरटच राहिला.)

थोडा तुरटपणा चहाला हवाच. तो अजिबात नसेल तर कपात फुळकवणी उरते, कितीही रंग असला तरी. घोटाला जी तरतरी असते, तोंड स्वच्छ झाल्यासारखं वाटतं, ती त्याच्यामुळेच. त्याला घालवून टाकायचं नाही, वेळेत थांबवायचं आहे.

हे सगळं येतं कुठून? चहाच्या ताज्या पानात कॅटेचिन नावाची पॉलिफेनॉल भरपूर असतात. ती कडूही असतात आणि तुरटही. काळा चहा, म्हणजे आपली नेहमीची पत्ती, करताना पानं सुकवून मऊ करतात, मग पिळतात. पेशी फुटतात, पानातली विकरं हवेच्या संगतीनं कामाला लागतात आणि कॅटेचिनांची मोडजोड होऊन दोन नवे गट तयार होतात. थिआफ्लेविन सोनेरी-नारिंगी असतात आणि चहाला चटकदार धार देतात. थिआरुबिजिन तांबूस-तपकिरी असतात, रंग आणि दाटपणा त्यांचा. यांच्या जोडीला साधारण २ ते ४ टक्के कॅफीन, जे मुळातच कडू आहे. थिअनीन नावाचं अमिनो आम्ल, जे मवाळ गोडसर चव देतं. आणि अगदी अल्प प्रमाणात लिनालूल, जेरानिऑलसारखी उडून जाणारी सुगंधी द्रव्यं.

कपाची चव ठरते ती ही मंडळी पाण्यात कोणत्या क्रमानं उतरतात यावर. लहान आणि हलके रेणू झटपट सुटतात. वास, थिअनीन आणि कॅफीनचा मोठा हिस्सा पहिल्या काही मिनिटांतच येतो. मोठी पॉलिफेनॉल संथपणे उतरतात आणि उतरतच राहतात. म्हणजे एका टप्प्यानंतर पत्तीकडून नवा वास यायचा थांबतो, आधी आलेला वाफेबरोबर उडू लागतो, आणि तुरटपणाची आवक मात्र चालू राहते. याच टप्प्याच्या अलीकडे चहा गाळायचा असतो.

तो टप्पा पुस्तकी सांगण्यापेक्षा जिभेनं एकदा शोधावा. अर्धा तास लागतो आणि नंतर कुणाचं प्रमाण विचारावं लागत नाही. अर्धा लिटर पाणी, ६ ग्रॅम मोठ्या पानाची पत्ती, झाकणाचं भांडं, सात छोट्या वाट्या. पाण्याला खळखळून उकळी आली की आच बंद करून पत्ती घालायची, एकदा ढवळायचं, झाकायचं आणि घड्याळ लावायचं. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या, सातव्या आणि दहाव्या मिनिटाला दोन-दोन चमचे चहा गाळणीतून एकेका वाटीत घ्यायचा. सगळ्या वाट्या सारख्याच कोमट झाल्या की पहिलीपासून चाखत जायचं. गरमागरम चाखू नये. चटका बसलेल्या जिभेला बारकावे कळत नाहीत.

पहिली वाटी पिवळसर, वास पुढे आणि मागे नुसतं पाणी. दुसरीत रंग तांबूस होतो, गोडसरपणा कळतो, पण घोटाला अंग नसतं. तिसऱ्या वाटीशी काहीतरी जुळून येतं: वास आहे, दाटपणा आहे, जीभ किंचित आवळते आणि लगेच सुटते. चौथीत अंग आणखी भरतं आणि आवळणं जरा लांबतं. काहींना हीच आवडते आणि त्यात गैर काही नाही. पाचवीत दाटपणा फारसा वाढलेला नसतो, तुरटपणा मात्र वाढलेला असतो. हा फरक नीट टिपण्यासारखा आहे, कारण डोळ्यांना चौथी आणि पाचवी वाटी जवळजवळ सारखीच दिसते. सातव्या मिनिटाच्या वाटीत वास मागे पडलेला असतो. दहाव्या मिनिटाची वाटी घेतल्यावर पाणी प्यावंसं वाटतं. आता उलट्या क्रमानं एकदा तिसऱ्या वाटीकडे परत यावं. आधी साधी वाटलेली ती वाटी या वेळी गोड लागते.

एवढं झालं की आपल्या पत्तीचा, आपल्या पाण्याचा, आपल्या जिभेचा आकडा हाती येतो. मोठ्या पानाच्या काळ्या चहाला तो बहुधा तीन ते चार मिनिटांच्या दरम्यान निघतो. तुकडा पानाला अडीच ते तीन, आणि बारीक दाणेदार सीटीसीला दीड ते दोन.

सीटीसीचा वेळ इतका कमी का, हे लक्षात घेतलं तर पुष्कळ कडू कप वाचतील. १९३०च्या सुमारास आसाममध्ये असे दाणे करणारं यंत्र आलं. दातेरी रुळांच्या जोड्यांमधून पान जातं, चिरडतं, फाटतं आणि त्याचे गोळीदार दाणे वळतात. नावही त्या तीन इंग्रजी क्रियांच्या आद्याक्षरांचं आहे. अखंड पानाच्या मानानं या दाण्याचा पृष्ठभाग कितीतरी जास्त, पेशी आधीच फुटलेल्या. पाणी लागताक्षणी सगळं सुटतं. जे मोठं पान चार मिनिटांत देतं ते हा दाणा दोन मिनिटांत देऊन मोकळा होतो आणि पुढे फक्त तुरटपणा देत राहतो. सीटीसीचा कोरा चहा चांगला होत नाही असं सर्रास म्हटलं जातं. होतो; तो मोठ्या पानाइतका सुगंधी नसतो, पण दोन मिनिटांत गाळला तर स्वच्छ, लालबुंद आणि तरतरीत होतो. त्याला मोठ्या पानाची वेळ लावली की बिघडतो.

याच कारणानं पुडा संपत आला की चहा कडवट होऊ लागतो. हलवाहलवीत बारीक चुरा तळाशी बसत जातो. शेवटच्या आठवड्यात चमचा तोच, वेळ तीच, पण चमच्यात आता दाण्याऐवजी भुकटी असते. ती वजनालाही जास्त भरते आणि सुटतेही भराभर. डबा भरल्यावर आणि अधूनमधून आडवा धरून हलकेच फिरवला तर चुरा सगळीकडे सारखा पसरतो. ते राहून गेलं असेल तर तळाच्या पत्तीला अर्धं मिनिट कमी द्यावं, किंवा बारीक चाळणीनं भुकटी काढून टाकावी.

आता माप. बिनदुधाच्या चहासाठी २०० मिलिलिटर पाण्याला अडीच ग्रॅम पत्ती हे सुरुवातीला धरायचं प्रमाण. कडक हवा असेल तर तीन, साडेतीन ग्रॅमपर्यंत जावं, वेळ तोच. ग्रॅमवर जोर एवढ्यासाठी की चमचा फसवतो. वळलेल्या लांब पानांचा एक चमचा आणि सीटीसीचा एक चमचा यांच्या वजनात दुपटीपर्यंत फरक पडू शकतो, आणि सपाट चमचा व शिगेचा चमचा यांतला फरक निराळाच. वजनकाटा नसेल तरी अडत नाही. नवा १०० ग्रॅमचा पुडा डब्यात ओतताना तो एकाच चमच्यानं, सपाट भरून, मोजत ओतावा. चाळीस चमचे भरले तर एक चमचा अडीच ग्रॅमचा झाला. तोच चमचा डब्यात ठेवून द्यावा. कपाचंही तसंच. घरातला ‘एक कप’ १२० मिलिलिटरचा असतो, नाहीतर ३००चा. मोजपात्रानं एकदा पाणी ओतून पाहिलं की कायमचं कळतं.

चहाच्या चाचणीसाठी एक आंतरराष्ट्रीय मानकही आहे, आयएसओ ३१०३, पहिल्यांदा १९८० साली आलेलं. त्यात दर १०० मिलिलिटरला २ ग्रॅम पत्ती आणि ६ मिनिटं सांगितली आहेत. हे आकडे वाचून कुणी घरी तसा चहा केला तर तोंड वाकडं होईल. ते पिण्यासाठी नाहीतच. वेगवेगळ्या चहांची तुलना सारख्याच अटींवर व्हावी आणि पत्तीचे दोषही उघडे पडावेत, एवढ्यासाठी तो काढा मुद्दाम जहाल केलेला असतो.

प्रत्यक्ष कृती अगदी थोडी आहे. दोन भांडी घ्यावीत. एकात लागेल त्याहून अर्धा कप जास्त पाणी उकळायला ठेवावं. उकळी आली की तो जास्तीचा अर्धा कप दुसऱ्या भांड्यात ओतून, चारी बाजूंनी फिरवून फेकून द्यावा, म्हणजे भांडं तापतं. तापलेल्या भांड्यात मोजलेली पत्ती टाकावी; याच क्षणी, कोरड्या पत्तीवर गरम भांड्याची धग लागून पहिला वास येतो. पहिलं भांडं पुन्हा आचेवर धरून पाणी खळखळलं की थेट पत्तीवर ओतावं. एकदा ढवळावं, कोरडी पत्ती वर तरंगत राहू नये इतपतच. झाकण ठेवून घड्याळ लावावं. वेळ झाली की सगळा चहा गाळून घ्यावा, सगळा. भांड्यात पत्तीबरोबर अर्धा कप ‘नंतरसाठी’ ठेवला तर नंतर तो कडूच निघणार. दुसरा कप हवा असेल तर तोही गाळून झाकून ठेवावा. दोन-तीन कपांत ओतायचं असेल तर एक कप पूर्ण भरून दुसऱ्याकडे वळू नये. थोडं-थोडं फिरवत ओतावं, कारण तळाकडचा चहा वरच्यापेक्षा दाट असतो.

काचेचं भांडं असेल तर ही तीन मिनिटं बघत बसण्याजोगी असतात. पाणी पडताच पत्ती उसळून वर येते, पृष्ठभागाला चिकटून एक काळसर थर धरते. मग एकेक पान भिजून जड होतं आणि सुटून खाली जातं, जाताना मागे तांब्याच्या रंगाची बारीक धार सोडत. ती धार पाण्यात लगेच विरत नाही. धुरासारखी वळसे घेत तळाशी जाऊन पसरते. तिसऱ्या मिनिटापर्यंत बहुतेक पानं उलगडून तळाशी बसलेली असतात आणि रंग मात्र तिथेच, खालच्या दोन बोटांत, गडद साचलेला असतो. एकदा ढवळायचं ते यासाठीही.

पाणी उकळतंच हवं, यावर मात्र तडजोड नको. कडूपणा टाळायला पाणी थोडं गार करून घ्यावं असा सल्ला सरसकट दिला जातो. तो हिरव्या चहाचा आहे, काळ्याला लावू नये. कमी उष्णतेत थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन नीट उतरत नाहीत, चहा मेंगळट होतो, आणि मग रंग येत नाही म्हणून लोक तो दहा मिनिटं ठेवतात. ९५ ते १०० अंशांचं पाणी आणि थोडा वेळ, हे कोमट पाणी आणि पुष्कळ वेळ यापेक्षा केव्हाही बरं. भांडं आधी तापवायचं तेही यासाठीच. थंड, जाड चिनीमातीचं भांडं पाण्याचे पाच-दहा अंश सहज खाऊन टाकतं, आणि पाणी जितकं कमी तितकी ही घट जास्त. अपवाद एकच सांगण्यासारखा: दार्जिलिंगची वसंतातली पहिली खुडणी. ती काळ्या चहात मोडत असली तरी तिचं पान पूर्ण काळं झालेलं नसतं, कॅटेचिन पुष्कळ शिल्लक असतात. तिला ९० अंशांच्या आसपासचं पाणी मानवतं. थर्मामीटर नसेल तर उकळलेलं पाणी एकदा दुसऱ्या थंड भांड्यात ओतून घ्यावं, तेवढ्यानं काम होतं. उंच डोंगरावर पाणी मुळातच लवकर उकळतं. दर ३०० मीटरला साधारण एक अंश कमी. दीड हजार मीटरवर ते ९५ अंशांशीच खळखळतं, तिथे वेळ अर्धं मिनिट वाढवावा.

दुसऱ्यांदा उकळलेल्या पाण्यातला प्राणवायू जातो म्हणून चहा बिघडतो, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. पहिल्याच उकळीत तो जवळजवळ सगळा निघून जातो, त्यामुळे त्यावरून भांडण नको. पाण्यातले क्षार मात्र खरोखर फरक पाडतात. जड पाण्यात चहा काळपट, मंद होतो आणि वर एक तवंग धरतो, कपाच्या कडेला तपकिरी रेघ सोडणारा. तो चहाचा मळ नव्हे आणि पत्तीतली भेसळही नव्हे. पाण्यातलं कॅल्शियम, बायकार्बोनेट, हवेतला प्राणवायू आणि चहातली पॉलिफेनॉल यांची ती साय आहे. लिंबाच्या दोन थेंबांनी ती धरत नाही. उलट, क्षार जवळजवळ नसलेलं, फार गाळलेलं पाणी वापरलं तर चहा चकचकीत होतो पण धारही तीक्ष्ण होते. अशा पाण्याला अर्धं मिनिट कमी द्यावं. दोन्हींच्या मधलं, मध्यम क्षारांचं पिण्याचं पाणी सगळ्यात चांगलं.

भांड्यांच्या बाबतीत स्टील, काच, चिनीमाती, एनॅमल काहीही चालेल. लोखंड नको. पॉलिफेनॉल आणि लोह भेटले की निळसर-काळा रंग तयार होतो. जुन्या काळी लिहायची शाई याच रसायनावर केली जात असे. गाळणी मोठी, खोल टोपलीसारखी घ्यावी. साखळीला लटकवलेली ती छोटी जाळीदार गोळी दिसायला गोजिरी असते, पण मी ती कुणाला घ्यायला सांगणार नाही. वळलेलं पान भिजल्यावर कितीतरी पट फुगतं. गोळीत त्याला जागाच राहत नाही. मधल्या पत्तीला पाणी लागत नाही, बाहेरची मात्र पुरती पिळवटून निघते. चहा फिका दिसतो म्हणून गोळी आणखी पाच मिनिटं ठेवली जाते आणि कप एकाच वेळी फिकाही होतो आणि कडूही. गोळीच वापरायची असेल तर अर्ध्याहून कमी भरावी.

टी बॅगेत बहुधा भुकटीच असते, म्हणून वेळ दीड-दोन मिनिटं. काढताना ती चमच्यावर दाबून पिळण्याची सवय सोडावी. पत्तीच्या अधेमधे अडकलेलं पाणी सगळ्यात जास्त मुरलेलं असतं. ते कपात पिळायचं म्हणजे राखून ठेवलेला तुरटपणा शेवटी हातानं घालायचा. गाळणीतला चोथा चमच्यानं दाबणं हेही तेच.

पत्ती घालून आचेवर उकळत ठेवण्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण ही सवय दुधाच्या चहाकडून आलेली असते. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन पॉलिफेनॉलांना धरून ठेवतं. ती लाळेपर्यंत पोहोचतच नाहीत. म्हणून दुधाचा चहा पाच-सात मिनिटं खळखळला तरी खपून जातो, किंबहुना दुधातून चव वर यायला त्याला तेवढा जोर लागतोच. तीच रीत दूध वगळून केली की सगळा भार उघड्या जिभेवर येतो. शिवाय उकळत्या पाण्यातून सुगंधी द्रव्यं वाफेबरोबर निघून जातात. स्वयंपाकघरभर छान दरवळ सुटतो तेव्हा तो कपातून वजा झालेला असतो. कोऱ्या चहाची पत्ती पाण्यात पडली की आच बंदच असायला हवी.

बिघडलेला चहा सुधारता येतो का? थोडाफार. मिठाचे चार-पाच कण, खरोखर कणच, चिमूटही नको, कडूपणा दबवतात. मिठातलं सोडियम जिभेला कडूची जाणीव कमी होऊ देतं. साखर कडूपणा झाकते पण तुरटपणाला तिचा फारसा उपयोग होत नाही. लिंबानं रंग उजळतो, कारण थिआरुबिजिनांचा रंग आम्लात फिका पडतो. पण आंबटपणानं तुरटपणा वाढतो, म्हणून जास्त मुरलेल्या चहात लिंबू पिळणं म्हणजे आगीत तेल. लिंबू घालायचं तर नीट झालेल्या चहात, गाळल्यानंतर. गरम पाणी घालून पातळ केला तर कडूपणा कमी होतो, पण वास परत येत नाही. जमत असेल तर ओतून द्यावा आणि नव्यानं करावा. तीन मिनिटांचं तर काम आहे.

बरीच माणसं असतील तेव्हा मोठं पातेलं भरून चहा करण्याऐवजी अर्क करावा. दहा कपांची पत्ती, म्हणजे २५ ग्रॅम, अर्धा लिटर उकळत्या पाण्यात घालून, नेहमीसारखीच तीन मिनिटं ठेवून गाळावी. प्रत्येक कपात ५० मिलिलिटरपेक्षा थोडा कमी अर्क आणि वर दीडशे मिलिलिटर गरम पाणी. पत्तीनं थोडं पाणी शोषून घेतलेलं असतं, म्हणून थोडा कमी. ज्याला कडक हवा त्याच्या कपात अर्क जास्त, ज्याला हलका त्याच्यात कमी. पाण्यात पत्ती राहून कुणाचाच कडू होत नाही. थर्मासमध्ये भरून ठेवायचा असेल तर गाळलेलाच भरावा, आणि तोही अर्ध्या-पाऊण तासात संपेल एवढाच. गरम राहिलेला चहा पत्तीविनाही काळवंडत आणि शिळा होत जातो.

ज्यांची जीभ फारच हळवी आहे त्यांनी थंड पाण्यात मुरवलेला चहा एकदा करून पाहावा. एक लिटर पिण्याच्या पाण्यात १० ग्रॅम मोठ्या पानाची पत्ती, झाकणाच्या बाटलीत, फ्रिजमध्ये आठ ते दहा तास. थंड पाण्यात कॅफीन आणि पॉलिफेनॉल कमी उतरतात, थिअनीन मात्र बऱ्यापैकी येतं. म्हणून हा चहा वेळ थोडा पुढे-मागे झाला तरी रुसत नाही. साखर न घालता गोडसर लागतो आणि आरपार स्वच्छ दिसतो. गरम करून गार केलेला दाट चहा फ्रिजमध्ये गढूळ होतो, कारण गार होताना कॅफीन आणि थिआफ्लेविन-थिआरुबिजिन एकमेकांना बिलगून बाहेर पडतात. तो खराब झालेला नसतो. पुन्हा गरम केला की निवळतो.

मोठ्या पानाची पत्ती एकदा गाळल्यावर लगेच दुसऱ्यांदा वापरता येते, वेळ एक-दीड मिनिट वाढवून. सीटीसीचा दुसरा चहा करू नये, त्यात काही उरलेलं नसतं. पत्ती साठवायची ती घट्ट झाकणाच्या, उजेड न शिरणाऱ्या डब्यात, शेगडीपासून आणि मसाल्यांपासून लांब. ती दमटपणा आणि परका वास दोन्ही पटकन ओढून घेते. वास उडालेली जुनी पत्ती फिकी लागते, म्हणून ती जास्त घातली जाते, आणि कडू-तुरट मात्र तिच्यात शाबूत असल्यानं कप कडू होतो.

नवी पत्ती आणली की पहिले तीन-चार दिवस एक करावं. कपातला शेवटचा घोट ठेवून द्यावा आणि पुरता गार झाल्यावर घ्यावा. गार होताना वास मावळतो, ऊब जाते आणि त्यांच्या आड लपलेलं जे असेल ते उघडं पडतं. तो गार घोट कडू लागला तर उद्या वीस सेकंद कमी. जीभ टाळूला घासली तरी तेच. पाणचट लागला तर वेळ तीच ठेवून अर्धा ग्रॅम पत्ती जास्त.